एकाचा अपराध, सर्वांस शिक्षा

सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांच्या मनांत आततायीपणाचें विष भिनूं नये म्हणून काय करावें, हा प्रश्न आतां केवळ शिक्षणखात्याचा किंवा पोलिसांचा राहिलेला नाहीं. पेठेंतील दुकानदार, मार्केट यार्डांतील अडत्या, वकील, डॉक्टर, शिक्षक, आणि ज्याच्या घरीं सोळा ते बावीस वर्षांचा मुलगा आहे असा प्रत्येक गृहस्थ, ह्या सर्वांचा तो प्रश्न आहे. ह्या भागांत ज्या ज्या वेळीं आग लागली त्या त्या वेळीं रस्त्यावर धांवणाऱ्यांत कोंवळ्या वयाच्या मुलांचा भरणा होता, आणि जाणतीं माणसें दारें लावून घरांत बसलीं होतीं. पुढें खटले मुलांवर झाले, नुकसान दुकानांचें झालें, आणि नांव गांवाचें गेलें. म्हणून ह्या विषयाचा एकदां शांत डोक्यानें विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें.

खटाव तालुक्यांतील पुसेसावळी ह्या गांवीं १० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं जें घडलें तें आमच्या वाचकांच्या स्मरणांतून गेलें नसेल. देवादिकांची व महापुरुषांची विटंबना करणारा मजकूर समाजमाध्यमांवर कोणी तरी टाकला, अशी वार्ता पसरली. ज्याचें नांव त्या मजकुरावर होतें त्यानेंच तो टाकला, कीं त्याच्या नांवानें दुसऱ्या कोणीं, ह्याचा तपास व्हावयाचा होता. परंतु त्या तपासास एका रात्रीचा तरी अवधि द्यावा इतका धीर जमावापाशीं नव्हता. मुसलमानांचीं घरें, दुकानें व वाहनें फोडण्यांत आणि जाळण्यांत आलीं, मशिदीवर हल्ला झाला, आणि त्या मजकुराशीं कांहीं एक संबंध नसलेल्या एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यांतील इंटरनेट सेवा बंद करावी लागली. त्याच वर्षीं ७ जून रोजीं शेजारच्या कोल्हापुरांत मोबाईलवरील स्टेटसच्या निमित्तानें बंद पुकारला गेला व दगडफेक झाली; ज्यांच्या स्टेटसवरून हें घडलें त्यांत अल्पवयीन मुलें होतीं, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. ह्याच्या चौदा वर्षें आधीं, सप्टेंबर २००९ मध्यें, मिरजेस गणेशोत्सवांत अफजलखानवधाच्या देखाव्याच्या कमानीवरून तंटा उपस्थित झाला. तो पाहतां पाहतां सांगली, इचलकरंजी व कोल्हापूर येथपर्यंत पोंचला, गणपतींचें विसर्जन खोळंबलें, आणि ऐन सणांत बाजारपेठा संचारबंदीखालीं बंद राहिल्या.

ह्या प्रसंगांचीं निमित्तें निराळीं आहेत. परंतु त्यांच्या मुळाशीं असलेलें गणित एकच आहे. तें गणित असें : कोणा एका माणसानें अपराध केला, तो अमुक जातीचा किंवा धर्माचा आहे, म्हणून त्या जातीचा किंवा धर्माचा जो जो माणूस हातीं सांपडेल तो तो त्या अपराधाचा धनी. आजच्या लेखांत आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, तरुण माणूस आततायी होतो तो त्याचीं मतें कडक असतात म्हणून नव्हे, तर हें खोटें गणित त्याला खरें वाटूं लागतें म्हणून. आणि हें गणित तो अशा ठिकाणीं शिकतो कीं, जेथें ‘हें चुकलें’ म्हणून सांगणारें कोणी नसतें. तेव्हां त्यावरील उपायहि कॉलेजाच्या आंतच, उघड्या वादांत आणि एकत्र राहण्यांत, शोधला पाहिजे.

हें गणित कोणा एका धर्माची किंवा जातीची मिरास नव्हे, ह्याला ह्याच भूमीचा इतिहास साक्षी आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींचा खून झाला. खून करणारा नथुराम गोडसे हा तरुणपणीं कांहीं वर्षें सांगलीस राहिलेला होता. मॅट्रिकची परीक्षा त्याला पार करतां आली नव्हती, आणि सांगलींत त्यानें शिवणकामाचा धंदा धरला होता. देशाच्या फाळणीसारखी प्रचंड घटना, जिच्या मागें अनेकांचे निर्णय, अनेकांचे स्वार्थ व अनेकांच्या चुका होत्या, तिचा सारा दोष त्यानें एकट्या एका वृद्धाच्या माथीं मारला. त्यानंतर जें झालें तें त्याच गणिताचें दुसरें टोक होतें. खुनी ब्राह्मण होता एवढ्याच कारणावरून सातारा जिल्ह्यांत, सांगली-मिरजेकडील संस्थानांत व कोल्हापुरांत, ज्यांचा त्या कटाशीं तिळमात्र संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांचीं घरें व दुकानें जाळण्यांत आलीं. एकानें अनेकांचा दोष एकावर घातला. जमावानें एकाचा दोष अनेकांवर घातला. कित्येक कुटुंबें आपलें खेडें सोडून गेलीं तीं परत आलीं नाहींत. १९४८ सालीं ज्यांच्या घरास आग लागली ते एका जातीचे होते, २०२३ सालीं ज्यांच्या दुकानास आग लागली ते दुसऱ्या धर्माचे होते. उद्यां पाळी कोणाची येईल, हें पेठेंतील कोणत्याहि गृहस्थास आज सांगतां येणार नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट करणें जरूर आहे. मराठींत ‘जहाल’ आणि ‘आततायी’ असे दोन शब्द आहेत, आणि एकाच्या जागीं दुसरा वापरण्याची चाल हल्लीं फार पडली आहे. जहालपणा हा मताचा गुण आहे. आततायीपणा हा कृतीचा दोष आहे. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे ह्याच जिल्ह्याचे. १८८८ सालीं ‘सुधारक’ पत्र काढून त्यांनीं जीं मतें मांडलीं तीं त्या काळच्या समाजास इतकीं जहाल वाटलीं कीं, पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढण्यांत आली. परंतु आगरकरांनीं कोणाचें दार फोडलें नाहीं. लेखणीस लेखणीनें उत्तर मागितलें. कॉलेजांतील एखादा मुलगा आपल्या मताचा कट्टर आहे, तो मोर्चांत जातो, प्राचार्यांस अडचणीचे प्रश्न विचारतो, एवढ्यावरून त्याला धोक्याचा ठरविणें हा अन्याय तर आहेच, शिवाय तो अविचारहि आहे. ज्याला अन्यायाची चीड येत नाहीं असा तरुण समाजाच्या काय कामाचा ? चीड असूं द्यावी. ती कोणावर काढावयाची हें ठरविण्यापूर्वीं अपराधी कोण हें शोधण्याची संवय त्याला लावावी.

ह्यावर असा एक आक्षेप हटकून येतो कीं, ह्याच सातारा जिल्ह्यांत १९४२ नंतर तरुणांनीं शस्त्रें हातीं घेतलीं, त्यांना आपण क्रांतिवीर म्हणून मान देतों. मग आजच्या मुलानें दगड उचलला तर तोच तेवढा आततायी कसा? आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो, आणि मुलांच्या गळीं उतरविण्यास तो फार सोयीचा आहे. म्हणून त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला, त्यावर गोळीबार झाला, आणि परशुराम घार्गे व त्यांचे सोबती हुतात्मे झाले. हें वडूज त्याच खटाव तालुक्याचें मुख्य ठिकाण आहे कीं ज्यांत पुसेसावळी मोडतें. १९४२ चा मोर्चा बंदुका बाळगणाऱ्या सत्तेसमोर गेला होता. २०२३ चा जमाव शेजाऱ्याच्या दारावर गेला. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी प्रभृतींच्या प्रतिसरकारनें शस्त्रें वापरलीं हें खरें, आणि त्या काळीं दिलेल्या कांहीं शिक्षांची कठोरता वादग्रस्त राहिली हेंहि खरें. परंतु त्याच प्रतिसरकारनें गांवोगांव न्यायमंडळें बसविलीं, दारूबंदी चालविली, कमी खर्चाचीं लग्नें लावून दिलीं. न्यायमंडळ म्हटलें कीं तेथें फिर्यादीचें म्हणणें आलें, आरोपीचें म्हणणें आलें, साक्षीपुरावा आला. मध्यरात्रीं पेट्रोल घेऊन निघालेल्या जमावापाशीं ह्यांतलें काय असतें ? ज्यांच्या आज्यापणज्यांनीं १९४२ सालीं जिवाची बाजी लावली, त्या घरांतील मुलांना हा फरक सांगण्याचें काम इतिहासाच्या शिक्षकाचें आहे, आणि तें तो तास टाळून होणार नाहीं.

दुसरा एक समज असा आहे कीं, हें वेड अशिक्षित व रिकामटेकड्या पोरांचें. कॉलेजांत शिकणाऱ्यास तें शिवत नाहीं. अनुभव ह्याच्या उलट आहे. मे २०१४ मध्यें मुंबईजवळच्या कल्याणचे चार मुसलमान तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकांत गेले, आणि तेथून ‘इस्लामिक स्टेट’ ह्या खुनी संघटनेस जाऊन मिळाले. त्यांत अभियांत्रिकी शिकणारे होते. पुलाचें गणित ज्यांना सोडवितां येत होतें त्यांना माणसांचें हें खोटें गणित खोटें आहे, हें ओळखतां आलें नाहीं. पश्चिमेकडील कांहीं सरकारांच्या कृत्यांचा सूड इराकांतल्या गोरगरिबांवर उगविणें हा धर्म आहे, असें त्यांना पढविण्यांत आलें होतें. धर्म कोणताहि असो, पढविण्याची रीत एकच असते.

ह्याच्याहि जवळचें उदाहरण पाहावयाचें तर तें डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचें आहे. दाभोलकर साताऱ्याचे, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजांत शिकलेले, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर, आणि कबड्डीचे नामांकित खेळाडू. जन्मभर त्यांनीं केलें काय, तर प्रश्न विचारले व वाद घातला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत त्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. १० मे २०२४ रोजीं पुण्याच्या विशेष न्यायालयानें गोळ्या झाडल्याबद्दल दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची पुराव्याअभावीं सुटका केली. ह्या खुनाचा सूत्रधार कोण, हें न्यायालयापुढें सिद्ध होऊं शकलें नाहीं. ह्यांतून प्रत्येक आईबापानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, चिथावणी देणाऱ्याचें नांव काळोखांत राहूं शकतें, पण ज्याच्या हातांत शस्त्र असतें त्याच्यावर तुरुंगाचें दार बंद होतें.

मग हें शिक्षण मिळतें कोठें ? तें कॉलेज सुटल्यावर मिळतें. वाई, कऱ्हाड, विटा, तासगांव, जत अशा ठिकाणीं खेड्यांतून एस.टी.नें येणारा मुलगा दुपारीं मोकळा होतो. गाडीची वाट पाहतांना, चहाच्या टपरीवर, मंडळाच्या मांडवांत व रात्रीं अंथरुणांत त्याच्या हातीं मोबाईल असतो. कोणी तरी त्याला एका व्हॉट्सॲप गटांत घेतलेलें असतें. तेथें सर्व एकाच मताचे. जो शंका काढील त्याला भ्याड किंवा फितूर म्हणून बाहेर घालविण्यांत येतें. कोठल्या तरी परगांवच्या मारामारीचें जुनें चित्र कालचें म्हणून दाखविलें जातें, आणि त्याखालीं ‘ते लोक’ असेच आहेत, असें लिहिलेलें असतें. घरीं बापाला वेळ नाहीं, गांवांत लायब्ररी उघडी नाहीं, हातांत काम नाहीं. ज्या मुलाला दिवसभर कोणी नांवानें हांक मारलेली नसते त्याला त्या गटांत कोणी ‘वाघ’ म्हणतें, ह्याचें मोल त्याला किती वाटत असेल ह्याचा आपण विचार करावा.

आणि कॉलेजांत काय चालतें ? तेथें शांततेच्या नांवाखालीं मौन चालतें. महाराष्ट्रांतील कॉलेजांत विद्यार्थिप्रतिनिधींच्या प्रत्यक्ष निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें गेल्या. त्या काळच्या निवडणुकांत गुंडगिरी शिरली होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. २०१६ च्या कायद्यानें त्या पुन्हां घेण्याची तरतूद केली. परंतु २०१९ सालीं घ्यावयाच्या निवडणुकाहि पुढें ढकलण्यांत आल्या. ज्या मुलाला अठराव्या वर्षीं राज्यघटना देशाचें सरकार निवडण्याचा अधिकार देते, त्याला आपल्या वर्गाचा प्रतिनिधि निवडण्याचा अधिकार देण्यास कॉलेजें इतकीं वर्षें कचरत आलीं. गुंडगिरी नको म्हणून निवडणूक नको, वाद नको म्हणून व्याख्यान नको, तक्रार नको म्हणून प्रश्न नको, अशा पायऱ्या उतरत गेल्यावर कॉलेजांत उरतें तें हजेरीपुस्तक आणि परीक्षेचा फॉर्म.

ह्यांत शिक्षकांस दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांची स्थिति काय आहे? अध्यापकांच्या पुष्कळ जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात आणि त्यांवर तासिका तत्त्वावर माणसें नेमण्यांत येतात. ज्याला तासागणिक पैसे मिळतात, आणि जो पोटासाठीं एका कॉलेजांतून दुसऱ्या कॉलेजाकडे धांवतो, त्यानें कोणत्या मुलाचें तोंड उतरलें आहे, कोणता मुलगा आठ दिवस गप्प आहे, कोणी जुन्या मित्रांत बसणें सोडलें आहे, हें पाहावें केव्हां ? मुलाच्या मनांतील पालट सर्वांत आधीं ओळखूं शकतो तो रोज भेटणारा शिक्षक. त्याची नेमणूक कायमची करणें हा केवळ पगाराचा प्रश्न नव्हे; तो गांवाच्या शांततेचा प्रश्न आहे.

ह्या रोगावर दोन उपाय तांतडीनें सुचविले जातात, आणि दोन्ही आम्हांस अपुरे वाटतात. पहिला म्हणजे पाळत. इंग्लंडांत २०१५ च्या कायद्यानें शाळा-कॉलेजांवर असें कर्तव्य घालण्यांत आलें कीं, कोणी दहशतवादाकडे ओढला जाऊं नये ह्याची काळजी त्यांनीं वाहावी. हेतु चांगला होता, आणि ही जबाबदारी कॉलेजाची आहे एवढी त्यांतील गोष्ट घेण्यासारखी आहे. परंतु तेथील पुष्कळ शिक्षकांनीं अशी तक्रार केली कीं, मुलें, विशेषतः मुसलमान मुलें, वर्गांत मोकळेपणानें बोलेनाशीं झालीं. कारण विचारलेला प्रश्न हाच आपल्याविरुद्ध पुरावा होईल, अशी धास्ती त्यांना बसली. शंका विचारण्याची भीति वाटूं लागली म्हणजे मुलगा शंका टाकून देत नाहीं; तो ती दुसऱ्या ठिकाणीं नेतो, आणि त्या दुसऱ्या ठिकाणीं उत्तर तयारच असतें. शिक्षकानें पोलिसांस खबर द्यावी तो प्रसंग मारामारीचा किंवा शस्त्राचा बेत कळला तर. केवळ वेडेंवांकडें मत ऐकलें म्हणून नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे मुलाला काढून टाकणें. ह्याविषयीं ह्या दोन जिल्ह्यांनीं तरी एक गोष्ट विसरूं नये. कर्मवीर भाऊराव पाटील हे कोल्हापुरांत विद्यार्थी असतांना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले, परत आल्यावर त्यांनीं शुद्धीचें स्नान करण्याचें नाकारलें, आणि त्यापायीं त्यांना आपलें वसतिगृह सोडावें लागलें. व्यवस्थापकांच्या दृष्टीनें तो मुलगा उद्धट व बंडखोर होता. परंतु शाहू छत्रपतींच्या सहवासांत त्या बंडखोरीस वळण मिळालें. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें भाऊरावांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें मराठा, जैन, मुसलमान व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचीं मुलें एकत्र राहत, आपल्या हातानें स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ सालीं गांधीजींनीं त्या वसतिगृहास भेट दिली. मुलें उपाशी राहूं नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रहि ठेवलें नाहीं. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, आणि ‘कमवा आणि शिका’ हें तत्त्व तेथें चालूं झालें.

त्या वसतिगृहांत ऐक्यावर व्याख्यानें किती झालीं, हें आम्ही विचारीत नाहीं. ज्याच्या हातची भाकरी खाल्ली व ज्याच्या जोडीनें कुदळ मारली, त्याला ‘त्या लोकांपैकीं एक’ म्हणणें मुलाच्या जिभेवर येत नाहीं. त्याला तो नांवानें ओळखतो. खोटें गणित मोडतें तें येथें. आज वसतिगृहांची मागणी होते ती बहुधा ज्या त्या समाजासाठीं निराळी. गरीब मुलाची सोय झालीच पाहिजे, मग तो कोणत्याहि समाजाचा असो. परंतु सोय करतांना प्रत्येकाची पंक्त निराळी मांडली, तर भाऊरावांच्या नांवाचे पुतळे कितीहि उभारले तरी त्यांचें काम मागें जाईल.

ह्यासाठीं आमच्या सूचना थोड्या व सरळ आहेत. प्रत्येक कॉलेजांत दर पंधरवड्यास वादसभा भरावी, आणि तिचे विषय गुळगुळीत नसावेत. औरंगजेब, टिपू, आरक्षण, हिजाब, आंतरधर्मीय विवाह, ज्या ज्या विषयांवर मोबाईलवर शिव्या चालतात, तेच विषय शिक्षकास अध्यक्ष नेमून सभेपुढें यावेत. नियम दोनच असावेत. आपलें म्हणणें मांडण्यापूर्वीं विरुद्ध पक्षाचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावें. आणि ‘ते लोक’ हा शब्द न वापरतां कोणी, केव्हां, कोठें, काय केलें तें बोलावें. हा दुसरा नियम लहान दिसतो; पण जो मुलगा महिनाभर तो पाळील, त्याला जमावाची भाषा बोलणें जड जाईल. ह्याच सभेंत एखादा प्रक्षोभक संदेश घेऊन तो कोठून निघाला, चित्र कोणत्या सालचें व कोणत्या गांवचें, हें मुलांकडूनच शोधून घ्यावें. विद्यार्थ्यांच्या निवडणुका कडक नियम घालून, परंतु खरोखरीच्या, घ्याव्या. प्रत्येक कायम शिक्षकाकडे ठराविक मुलें सोंपवावीं व त्यांच्या घरीं वर्षांतून एकदां तरी जावें. आणि प्रत्येक तालुक्याच्या गांवीं निदान एक मिश्र वसतिगृह असावें.

आतां व्यापारी वर्गास दोन शब्द. दंगलीचा हिशेब तुमच्याइतका कोणास ठाऊक नाहीं. सांगलीच्या हळदीचे व तासगांवच्या बेदाण्याचे सौदे विश्वासावर चालतात, आणि विश्वास संचारबंदींत पिकत नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्याचें उदाहरण घ्या. एके काळीं शस्त्रांना धार लावणाऱ्या मुसलमान कारागिरांच्या घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. भोपळा येतो पंढरपूरकडच्या शेतकऱ्याचा, हात लागतो मिरजेच्या कारागिराचा, आणि तो तंबोरा जुळवून गाणारा कोणत्याहि धर्माचा असतो. २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. हें मानांकन एका समाजाचें नसून एका पेठेचें आहे. तिच्या एका घरास आग लागली तर दुसऱ्याचा धंदाहि त्यांत जळतो.

तेव्हां मंडळाची वर्गणी देतांना मांडवांत काय लागणार, कोणतीं गाणीं वाजणार, हें विचारण्याचा तुम्हांस हक्क आहे, आणि तो तुम्ही बजावावा. वाळवा तालुक्यांतील गोटखिंडी येथें १९८० पासून गणेशोत्सवांत गणपतीची मूर्ति मशिदींत बसविण्यांत येते. दोन्ही समाजांचे तरुण तिची व्यवस्था पाहतात. हें करावयास त्यांना कोणत्याहि सरकारी फर्मानाची गरज पडली नाहीं. शिकणाऱ्या मुलांना दुपारच्या चार तासांचें काम तुमच्या पेढीवर व गोदामांत द्यावें, आणि कामावर घेतांना एकाच समाजाचीं मुलें घेऊं नयेत. दंगलींत पकडलेला मुलगा जामिनावर सुटून आला तर त्याच्या आईबापास धीर द्यावा. परंतु त्याला हार घालून मिरवूं नये. ज्यानें हार घातला त्यानें दहा दुसऱ्या मुलांना तोच रस्ता दाखविला, असें समजावें.

सरकारचें काम ह्याहून निराळें आहे. समाजासमाजांत वैर माजविणें हा भारतीय न्याय संहितेच्या १९६ व्या कलमानें गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २८ एप्रिल २०२३ रोजीं सर्व राज्यांस आज्ञा केली कीं, द्वेष पसरविणाऱ्या भाषणांबद्दल कोणाच्या तक्रारीची वाट न पाहतां पोलिसांनीं स्वतः होऊन गुन्हा नोंदवावा, आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहूं नये. पुसेसावळीचा प्रकार ह्यानंतर साडेचार महिन्यांच्या आंत घडला. स्टेटस ठेवणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला रात्रींतून उचलावयाचें, आणि व्यासपीठावरून हजारोंना चिथविणाऱ्या पुढाऱ्यास बंदोबस्तांत गांवाबाहेर पोंचवावयाचें, असा न्याय मुलें डोळ्यांनीं पाहतात. कायदा माणूस पाहून चालतो अशी त्यांची एकदां खात्री झाली म्हणजे नागरिकशास्त्राचें कोणतेंहि पुस्तक त्यांस वळणावर आणूं शकणार नाहीं.

पुढचा गणेशोत्सव येईल, पुढचा उरूस येईल, आणि केव्हां तरी, कोणाच्या तरी मोबाईलवर, पुन्हां असाच एखादा मजकूर येईल. त्याला आळा घालणें कोणाच्याच हातीं नाहीं. परंतु तो वाचून उठलेल्या वीस मुलांत एकानें जरी ‘हें कोणीं लिहिलें तें आधीं पाहूं, आणि ज्यानें लिहिलें नाहीं त्याच्या दाराला हात लावूं नये’ असें म्हटलें, तर ती रात्र टळूं शकते. तो एक मुलगा आपल्या कॉलेजांतून निघावा, ह्यासाठीं लागणारा शिक्षक, सभागृह, वसतिगृह व चार तासांचें काम, हीं सारीं आपल्या आवांक्यांतलीं आहेत. येत्या जूनमध्यें कॉलेजें उघडतील, त्यापूर्वीं सातारा, कऱ्हाड, सांगली व मिरज येथील व्यापारी मंडळांनीं आपल्या गांवच्या प्राचार्यांस बोलावून ह्या गोष्टींची एक बैठक भरवावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.